वेंडेलपंतांची आखूड काडतुसाची बंदूक

श्रीअग्निदेवता समर्थ. शके १८६५, सुभानुनाम संवत्सरी, उत्तरेकडील हिमप्रांतीचे एका राज्यात जे वर्तमान जाहले ते सादर ऐकिजे. तेथील महाराजांनी चहूं दिशांस युद्ध मांडिले होते आणि शस्त्रखान्याचे मुख्य वेंडेलपंत म्हणोन होते, हाताने मोठे कसबी, बोलण्यात भिडस्त. पंत स्वतः इस्पितळात जाऊन जखमी शिपायांस पुसो लागले, "गनीम किती पावलांवर दिसला?" शिपाई बोलिले, "तीनशे, पंत. चारशे म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि सरकारी बंदूक दोन हजार पावलांची! एक बार काढोन दुसरा भरावा तो गनीम उरावर." मग पंतांनी विचार केला जे, इतके लांब काडतूस उगेच काय म्हणोन वाहावे? ते आखूड केले, आणि लोखंड कोरीत बसावयास सवड नाही म्हणोन पत्रा ठोकोन बंदूक सिद्ध केली. मर्जी असल्यास एकेक बार, कळ फिरविता बारांची सरबत्ती. रूप तेलाच्या डब्याचे, परंतु काम चोख.

हे महाराजांचे कानी गेले आणि महाराज कोपले. मागील युद्धात आम्ही लांब बंदूक वाहिली, तीच खरी, नवी कराल तर शीर मारू, ऐसा हुकूम जाहला. पंतांचे कुटुंब गेर्टाबाई बोलिल्या, "सोडा तो नाद. बंदुका पुष्कळ होतील, तुमची मान एकच आहे." पंतांस भय वाटले, खरेच वाटले, परंतु इस्पितळातील ते शिपाई डोळ्यांपुढोन हलेनात. मग कागदोपत्री तमंचा ऐसे नाव घालोन नव्या बंदुका गुपचूप पूर्वेकडील फौजेस रवाना केल्या.

पुढे दरबार भरला आणि महाराजांनी पूर्वेच्या सरदारांस पुसिले, "काय हवे ते मागा." सरदार खंदकात राहिलेले, दरबारी आडपडदा ठाऊक नाही, एकमुखे बोलिले, "ती नवी बंदूक आणखी द्या!"

"कोणती नवी?"

मागे उभे असलेले पंत खांबाआड सरकले. बंदूक आणविली. महाराजांनी खांद्यास लाविली, निशाणाच्या चिंधड्या केल्या आणि प्रसन्न होवोन बोलिले, "ऐसेच शस्त्र आमचे मनी होते." मग स्वमुखे तीस हल्लाबंदूक ऐसे नाव दिधले. पंत लवोन बोलिले, "महाराजांचीच कल्पना." लाखो बंदुकांचा हुकूम सुटला, परंतु वेळ टळली होती, काडतुसे होती तेथे वाट नाही, वाट होती तेथे काडतुसे नाहीत, आणि दुसरे वसंती राज्य बुडाले.

सारांश, बंदूक उत्तम वठली, श्रेय महाराजांस गेले आणि राज्य कोणासच राहिले नाही. पंतांचे शीर तेवढे धडावर राहिले, आणि गेर्टाबाई म्हणत, त्या युद्धात जिंकले ते इतकेच.