शनीचं तोंड आणि आमची समिती

दुर्बीण निवडणं हे दुर्बिणीतून बघण्यापेक्षा वरच्या दर्जाचं काम आहे. माझी नात मैथिली बाळंत झाली त्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, आमच्या मानपाड्याच्या सोसायटीने त्यासाठी समिती नेमली. त्यानंतर बाळ बसलं, रांगलं, चालू लागलं. समिती अजून बसलेलीच आहे.

मागणी तिसऱ्या मजल्यावरच्या गुणाजींची. वय एक्क्याऐंशी. त्यांच्या साडेसातीत कारखाना बंद पडला, पाय मोडला आणि मेव्हणा राहायला आला. "साडेसात वर्षं दर शनिवारी तेल वाहिलं," ते म्हणाले, "आता एकदा त्याचं तोंड तरी बघू द्या." डॉक्टरांनी त्यांना लांबचे बेत आखू नका असं सांगितलं होतं. म्हणून त्यांना समितीवर सन्माननीय सदस्य करण्यात आलं. अध्यक्ष उत्तराताई. तज्ज्ञ केदार (दुर्बिणींचे बावन्न व्हिडिओ पाहिलेला; आकाश पाहायला वेळ मिळाला नव्हता). इतिवृत्त माझ्याकडे (अक्षर उशिरा शिकलो, त्यामुळे ते फारसं झिजलेलं नाही).

भिंगाची दुर्बीण निगेला सोपी. पण तिच्यातून चंद्राला जांभळी कड दिसते, सबब नामंजूर. आरशाची त्याच किमतीत मोठी येते. पण गच्चीवर दक्षिणेकडे तोंड केलेला आरसा वास्तूत बसत नाही (शनी दक्षिणेलाच होता, ही त्याची चूक). शिवाय कारखान्यांच्या धुराने आरशाचा मुलामा जाईल, अशी हरकत आली. त्याच धुराने आमचं काय जातं, हा विषय समितीच्या कक्षेत नव्हता.

मग आरसा आणि भिंग दोन्ही असलेली तिसरी जात निघाली. केदारला तिच्यावर तेजोमेघांचे फोटो काढायचे होते, म्हणून ताऱ्यांबरोबर आपोआप फिरणारा स्टँड हवा. स्टँडसाठी उपसमिती.

"अरे केदार, साधी कुठलीही आण," गुणाजी म्हणाले.

"काका, साधीत शनी उलटा दिसतो."

"सुलटा होता तेव्हा काय भलं केलंन माझं? उलटाच दाखव!"

हे विधान अशास्त्रीय म्हणून इतिवृत्तातून वगळण्यात आलं. (वगळलं मीच.)

दरम्यान २०२५च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याकडे धार करून वळली आणि दिसेनाशी झाली. शास्त्रज्ञांना हे आधीपासून ठाऊक होतं. समितीला तसं पत्र आलं नव्हतं.

आजअखेर बैठका एकोणतीस, चहा तीनशे अकरा कप, दुर्बिणी शून्य.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी गुणाजी कठड्याला धरून गच्चीवर आले. "दुर्बीण राहू दे. यातला शनी कुठला, तेवढं बोट करून सांग."

आम्ही सगळे वर बघू लागलो. केदारने फोन काढला. "काका, इथे नेट नाहीये."

उत्तराताईंनी विषय पुढच्या बैठकीत ठेवला.

ज्या वाचकांना इथवर 'मग शेवटी भिंगाची चांगली की आरशाची?' हाच प्रश्न पडून राहिला आहे, त्यांनी अर्ज करावा. समितीत एक जागा रिकामी आहे. गुणाजी ९ नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी संध्याकाळी वारले.