लाल खुणेची रेकॉर्ड

शिरीष दुपारी चारला शिफ्ट संपवून घरी आला, तेव्हा मागच्या अंगणात पॅट डुलनच्या रेकॉर्ड्स वाळत होत्या. मधल्या भोकांतून परकराच्या नाड्या ओवून आईने त्यांच्या माळा केल्या होत्या आणि त्या माळा कपड्यांच्या दोरीला बांधल्या होत्या. आयर्लंडमधल्या या ॲथलोनला ऊन नसलं तरी वारा असतोच. एकशे बारा काळ्या तबकड्या एकमेकींवर आपटून टकटक वाजत होत्या.

"आई! हे काय केलंस?"

"धुतल्या," आई शांतपणे म्हणाली. "सुतकाच्या घरातनं आलेल्या वस्तू तशाच घरात ठेवायच्या व्हय? मानूस जाऊन नऊच दिस झाल्यात. निदान दहावा तरी होऊ द्यायचा हुता."

"कशाने धुतल्यास?"

"टबात कोमट पाण्यात भिजत घातल्या आन् भांड्याच्या साबणानं घासल्या. मधी गोल कागुद चिकटलं हुतं, ते काय निघंना. मग काथ्या घेतला."

आईचा इथल्या मऊ स्पंजवर विश्वास नव्हता. कऱ्हाडहून येताना तिने स्वतःचा काथ्या बॅगेतून आणला होता. त्या काथ्यापुढे कऱ्हाडात पितळेची घागर टिकत नाही, तिथे कागदी लेबलं काय टिकणार?

"आणि पाकिटं?"

"कागुद कसा धुवायचा रं? हिरव्या डब्यात टाकली. सकाळी गाडी आली, घिऊन गेली."

शिरीष मागच्या दाराच्या पायरीवर मटकन बसला. तो एका मेडिकल डिव्हायसेसच्या प्लँटमध्ये क्वालिटी विभागात होता. गेली अकरा वर्षं तो एकच गोष्ट बघत आला होता, लेबल. लेबल नसलेला माल कितीही चांगला असो, त्याच्या हाताखालून तो थेट भंगारात जायचा. आणि आज त्याच्याच अंगणात लेबल नसलेले एकशे बारा नग वाऱ्यावर डुलत होते.

हे प्रकरण आदल्या दिवशी सुरू झालं होतं. गल्लीतल्या तिसऱ्या घरातली ब्रीडा डुलन रेकॉर्ड्सचा एक खोका आणि प्लेअर घेऊन दारात आली होती. तिचा नवरा पॅट आयुष्यभर पावाची व्हॅन चालवायचा आणि दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये गावाला नाचवायचा. साठ-सत्तरच्या दशकांतली अमेरिकन सोल गाणी हा त्याचा जीव की प्राण. मृत्यूला महिना झाला की इथे चर्चमध्ये मृताच्या नावाने मिसा म्हणजे प्रार्थना म्हणतात आणि नंतर सगळे एकत्र जेवतात. त्या जेवणाला पॅटच्या रेकॉर्ड्स वाजाव्यात अशी ब्रीडाची इच्छा होती.

"तू कॉम्प्युटरवाला ना? तूच बघ," ती म्हणाली होती.

शिरीष कॉम्प्युटरवाला नव्हता. सोल म्हणजे काय हेही त्याला धड माहीत नव्हतं. पण नुकता नवरा गेलेल्या बाईला नाही म्हणायचं कसं? "ग्रँड, बघतो की," तो इथल्या लोकांसारखं म्हणाला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

"बाकी कुठलीही लाव," ब्रीडा जाता जाता म्हणाली होती, "पण आमचं गाणं तेवढं लागलंच पाहिजे. पॅटने लेबलवर लाल पेनाने खूण केलीये."

"गाण्याचं नाव काय?"

"नाव मला माहीत नाही रे. तो नुसता 'आपलं गाणं' म्हणायचा आणि लावायचा."

तर अशी ती लाल खूण. ती आता टबाच्या मोरीतून शॅनन नदीला मिळाली होती.

"ब्रीडाला सांगून टाकू या," शिरीष म्हणाला.

"वेडा आहेस का?" त्याची बायको वृंदा कुजबुजली. ती वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतानाच खाली हा समारंभ उरकला होता. "आधीच नवरा गेलाय तिचा! आणि आईंनाही काही बोलू नकोस. मनाला लावून घेतील आणि उद्याच परतीचं तिकीट काढ म्हणतील."

त्यामुळे ब्रीडाला काही कळवलं नाही आणि आईलाही काही सांगितलं नाही. उलट शिरीषने आईला "छान निघाल्या हं" असं सांगितलं. आई खूश झाली आणि खोकाही धुवायला मागू लागली.

त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीने, रेवाने, तोडगा काढला. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र ॲथलोनच्या इंग्रजीतच यायचं. "डॅड, देअर्स ॲन ॲप फॉर दॅट, लाइक," ती म्हणाली.

ॲपने खरोखर कमाल केली. प्लेअर लावला, फोन धरला की गाण्याचं नाव हजर. दोन दिवसांत शिरीषकडे एकशे बारा नावं जमली. मग त्याच्या लक्षात आलं की नावांचा काडीचा उपयोग नाही. खूण कुठल्या नावावर होती ते ॲपला कुठून ठाऊक?

मग तो प्लँटमधल्या पद्धतीवर आला. दोष सापडला की आधी माहिती गोळा करायची. तो ब्रीडाकडे चहाला गेला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तुमचं गाणं असतं कसं हो?"

ब्रीडा डोळे मिटून आठवू लागली. "त्यात तो तिला परत ये, परत ये म्हणून विनवतो. मग ट्रम्पेट वाजतात. मग तो ओरडतो."

शिरीष धावत घरी आला. त्याने एक्सेल उघडलं, रकाने पाडले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत गाणी ऐकली. विनवणारी गाणी निघाली एकाहत्तर. विनवणारी आणि ट्रम्पेटवाली निघाली एकाहत्तर. विनवणारी, ट्रम्पेटवाली आणि ओरडणारी, तीही एकाहत्तरच.

"ही माणसं एवढं भांडतात कशाला बायकोशी?" तो वैतागून म्हणाला. "आधी नीट वागायचं, मग वीस जणांचा वाद्यवृंद लावून माफी मागायची वेळच येत नाही."

वृंदा स्क्रीनकडे बघत होती. "शिरीष, आपलं गाणं कुठलं रे?"

या प्रश्नासाठी त्याच्याकडे रकाना नव्हता. "आपलं... म्हणजे... तसं एकच असं नाही ना..."

"राहू दे," वृंदा म्हणाली आणि उठून गेली. पुढचे दोन दिवस ती फक्त दूध संपलंय, डबे बाहेर ठेव, एवढंच बोलली.

मिसा तोंडावर आली, आता शेवटचा आधार मॉसीचा होता. मॉसी म्हणजे पॅटचा जिवलग मित्र. तीस वर्षं हॉलमध्ये खोके उचलणारा. "गुपचूप सांगायचं हं," अशी शपथ घालून शिरीषने त्याला घरी बोलावलं आणि पहिली रेकॉर्ड लावली. तीन सूर वाजले नाहीत तोच मॉसी खुर्चीतून उठला.

"हेच ते!" त्याचे डोळे भरून आले. "पॅट आणि ब्रीडा या गाण्यावर... देवा रे!"

शिरीषला आनंदाने काही सुचेना. पण कामाच्या सवयीप्रमाणे त्याने खात्रीसाठी दुसरी रेकॉर्डही लावली.

"नाही नाही, हेच ते!" मॉसी हुंदका देत म्हणाला.

सहा वाजेपर्यंत मॉसीने तेवीस गाणी 'हेच ते' म्हणून ओळखली, टिश्यूचा अख्खा डबा संपवला आणि आईने केलेलं थालीपीठ खाऊन, शिरीषला मिठी मारून तो निघून गेला. शिरीषचा गोंधळ होता त्याच्या तेवीसपट झाला.

या सगळ्या काळात आई मात्र सोफ्यावर पाय वर घेऊन निवांत गाणी ऐकत होती. इंग्रजीचा तिला गंध नव्हता. तिला वाटत होतं, पोरगा हौसेने ऐकतोय. एक गाणं संपल्यावर ती म्हणाली, "ह्यो मानूस खरं रडतोय बग."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बी बरं रडत्यात. पर ह्यो कुनी बगत नसतानाबी रडल."

मिसा दुसऱ्या दिवशी होती. प्लँटमध्ये असला पुरावा कोणी टेबलावर ठेवला असता, तर शिरीषने त्याला ट्रेनिंगला पाठवलं असतं. पण आता त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. त्याने ती रेकॉर्ड वेगळी काढली.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये साठेक माणसं जमली. अंड्याची सँडविचेस होती, चहाचं मोठं पिंप होतं. आई काठापदराची साडी, वर लोकरीचा स्वेटर आणि पायांत रेवाचे जुने स्पोर्ट्स शूज अशी भिंतीशी बसली होती. ब्रीडाने मान हलवून इशारा केला आणि शिरीषने सुई टेकवली.

तो गायक विनवू लागला. हॉलमधल्या गप्पा थांबल्या. ट्रम्पेट वाजली तेव्हा म्हातारी जोडपी एकमेकांना टेकली. मॉसी कोपऱ्यातून "हेच ते!" म्हणाला, पण त्याकडे शिरीषने लक्ष दिलं नाही. तो ब्रीडाकडे बघत होता. ती ना रडत होती, ना हसत होती. कपाळाला आठ्या घालून ती ऐकत होती. गाणं संपताच ती सरळ त्याच्यापाशी आली.

"लाल खूण याच्यावर होती? तू स्वतः पाहिलीस?"

एक 'हो' म्हणायचा अवकाश, की सगळं मिटत होतं. शिरीषने तोंड उघडलं, पण तेवढ्यात ब्रीडाच हळू आवाजात बोलू लागली.

"तुला खरं सांगते. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला पॅट 'आपलं गाणं' म्हणून रेकॉर्ड लावायचा. आणि दर वर्षी मला वाटायचं, मागच्या वर्षी हे नव्हतं. पहिल्यांदा वाटलं आपलीच चूक. मग वाटलं हा विसरलाय. विचारलं नाही कधी, त्याला वाईट वाटलं असतं. आता तो गेल्यावर खोका उघडायचा मला धीर होईना. खरं गाणं एखादं होतं की नव्हतंच? म्हणून तुझ्याकडे दिला. तू खूण बघशील, मला कळेल, एवढंच."

शिरीषला आता खोटं बोलवेना. त्याने सगळं सांगितलं. सुतक, टब, काथ्या, हिरवा डबा, एक्सेल, मॉसी. सांगताना त्याची मान इतकी खाली गेली की शेवटचं वाक्य त्याने स्वतःच्या बुटांना सांगितलं. "माफ कर, ब्रीडा. खूण कुठे होती हे आता कोणालाच कळणार नाही."

ब्रीडाचे डोळे भरून आले. ते बघून आई लगबगीने उठून आली.

"काय झालं रं? बाई का रडती?"

"आई, त्या रेकॉर्डपैकी एकीवर लाल खूण होती," शिरीष हताशपणे म्हणाला. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. "ती तिच्या नवऱ्याने केली होती. ती रेकॉर्ड तिला हवी होती. धुताना गेली ती खूण."

"एकीवर?" आईने कपाळावर हात मारला. "आरं, एकीवर कुठली? समद्यांवर हुती! येक न् येक तबकडीवर! टबातलं पानी लालभडक झालं, माझी बोटं दोन दिस लाल हुती. मला वाटलं, ह्यांच्यात बी कुंकू लावत्यात. आधी इचारलं असतंस तर सांगितलं नसतं व्हय?"

अकरा वर्षं चौकशा करणाऱ्या माणसाने, ज्या बाईने माल हाताळला तिलाच काही विचारलं नव्हतं.

"काय म्हणतायत त्या?" ब्रीडाने त्याची बाही धरली.

"म्हणतेय... सगळ्यांवर होती."

"सगळ्यांवर म्हणजे?"

"एकशे बाराच्या एकशे बारा. प्रत्येकीवर लाल खूण."

ब्रीडा खुर्चीत बसली. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा खोक्याकडे. मग तिचे खांदे हलू लागले. आधी शिरीषला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. हसता हसता तिने आईचा हात धरला. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली.

"लबाड कुठला!" ती डोळे पुसत म्हणाली. "सेहेचाळीस वर्षं मला वाटत होतं, मीच त्याला सांभाळून घेतेय."

मग ती उठली. खोक्यात हात घालून, न बघता, तिने एक कोरी तबकडी बाहेर काढली आणि शिरीषच्या हातात दिली.

"हे घे," ती म्हणाली. "हेच आमचं गाणं. लाव."