धडधाकट माणसाचं मृत्युपत्र

वकिलाकडे जायचं नाही, असं मी ठरवलं. बस, एवढंच. पुढे जे झालं ते बघता, वकिलाच्या बाकावर आठवडाभर ताटकळलो असतो तरी परवडलं असतं.

प्रश्न घराचा होता. कुमासी शहरातलं आमचं घर मी आणि माझी बायको सेरवा, दोघांनी मिळून बांधलं. खरं सांगायचं तर भिंती तिच्या शिवणयंत्राच्या कमाईवर उभ्या राहिल्या आणि मी गवंड्यांना सूचना दिल्या (त्यांनी त्या ऐकल्या नाहीत, म्हणून घर अजून उभं आहे). पण घर माझ्या नावावर. आणि आम्हा अशांती जमातीच्या लोकांत माणसाचं घराणं म्हणजे त्याच्या आईचं घराणं. बायको-मुलं त्यात नाहीत. आता कायदा बदललाय. पण तेव्हा मी काही न सांगता गेलो असतो, तर घर माझ्या बहिणीच्या मुलाचं, ओपोकूचं झालं असतं आणि सेरवा शिवणयंत्र डोक्यावर घेऊन रस्त्यावर आली असती. ओपोकू अधूनमधून यायचा, "मामा, तब्येत कशी आहे?" असं प्रेमानं विचारायचा आणि उत्तर ऐकताना छताकडे बघत राहायचा.

मरणाऱ्यानं आपल्या घराण्यासमोर तोंडानं सांगितलं तरी ते मृत्युपत्र, ही आमची जुनी रीत. मग वकिलाचे पाय कशाला धरायचे? गावाकडे जाणाऱ्या लॉरीच्या ड्रायव्हरबरोबर मी घराण्याच्या प्रमुखांना, म्हणजे माझ्या चेरेमे मामांना, निरोप धाडला: "मृत्युपत्र सांगायचंय, रविवारी सगळ्यांना घेऊन या." असा निरोप गावात फक्त शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाचाच येतो, हे मी साफ विसरलो. मालधक्क्यावर कारकुनी करून करून माणसाचं डोकं असं होतं.

रविवारी लॉरी थांबली ती रडण्याच्या आवाजासकट. सगळे काळ्या-लाल सुतकी कापडात. सगळ्यात पुढे माझी बहीण कोनादूताई, ऊर बडवत. मी लगबगीनं फाटक उघडलं.

"अमोआको!" ताई किंचाळली. "तू कशाला उठलास?"

"फाटक उघडायला."

"म्हणजे तू अजून…?"

"अजून आहे, ताई."

तिच्या चेहऱ्यावर आनंद आला, पण जरा सावकाश आला. ओपोकूच्या हातात सुताराची टेप होती. शवपेटीच्या मापासाठी आणली म्हणाला. पण लावली त्यानं बैठकीच्या भिंतीला.

मामा काठी टेकत खुर्चीत बसले आणि त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"भाच्या, मृत्युपत्र मरणारा माणूस सांगतो. तू मरतोयस का?"

"तसं नाही… पण थोडी सर्दी आहे."

"सर्दी चालत नाही."

"मामा, एवढ्या लांबून आलाच आहात…"

"मग निदान आडवा तरी हो," मामा वैतागून म्हणाले.

मी आडवा झालो. चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि मला जमेल तितक्या क्षीण आवाजात म्हणालो, "हे घर… मी सेरवाला दिलं." ताई आता खरी रडायला लागली. मी डोळे मिटले. काम फत्ते झालं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला. पाहुण्यांसाठी सेरवानं फुफू, म्हणजे उखळीत कुटलेल्या कंदाचे मऊ गोळे, आणि बकऱ्याच्या मटणाचं तिखट सूप केलं होतं. मी मन घट्ट केलं. (माझं मन घट्ट राहतं, पण पोटाचं तसं नाही.) पुढचं मला नीट आठवत नाही, आठवतं ते एवढंच की मी सगळ्यांच्या मध्ये बसून नळी फोडत होतो आणि मामांचा घास हातातच थांबला होता.

"असा माणूस मरत नसतो," मामा म्हणाले. "हा चांगला धडधाकट आहे. मृत्युपत्र रद्द."

ओपोकू हसला. एका वाटीभर सुपासाठी मी बायकोच्या डोक्यावरचं छप्पर घालवलं होतं. लाजेनं मला मान वर करवेना.

सेरवानं हात पुसले. आत गेली आणि श्नॅप्सची, म्हणजे कडक दारूची, सीलबंद बाटली घेऊन बाहेर आली. चपला काढून तिनं ती दोन्ही हातांनी मामांपुढे धरली.

"मामा, मृत्युपत्र गेलं तर जाऊ द्या. पण जिवंत माणसाचा शब्द तर राहिला ना? तो धडधाकट आहे हे तुम्हीच ठरवलंत. धडधाकट माणसानं तुम्हा सगळ्यांसमोर मला घर दिलं म्हटलं. मिळालेल्या दानाचे आभार मानायचे असतात. हे माझे आभार."

मी थक्क झालो. आभाराची बाटली घराण्यानं स्वीकारली की दान पक्कं. मग देणाऱ्यालाही ते परत मागता येत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण सुचलं तिला. इतकी वर्षं मी या बाईला काजं-बटणं करताना बघत होतो, आणि माझ्या घरात मोठी न्यायाधीश राहतेय याचा मला पत्ताच नव्हता.

"मामा, बाटलीला हात लावू नका!" ताई ओरडली.

सगळ्यांचे डोळे मामांच्या हातावर. मामांनी वाकून बाटलीवरचं सील निरखलं.

"पोरी, ही आणलीस कधी?"

"यांनी निरोप पाठवला त्याच दिवशी."

"म्हणजे हा मरता मरता जेवायला उठणार, हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

"मामा, मी संसार करते यांच्याबरोबर."

मामा खदखदून हसले. त्यांनी बाटली घेतली, सील फोडलं, पूर्वजांच्या नावानं थोडी जमिनीवर ओतली आणि उरलेल्यातला एक घोट घेतला. "घर सेरवाचं," ते म्हणाले. मला भरून आलं. ताईनं तोंड वाकडं केलं, पण पेला सरळ धरला.

मामा लॉरीत चढत असताना मी त्यांना हळूच गाठलं. "मामा, माझा बेत असा होता की मी गेल्यावर घर तिचं…"

"ते मृत्युपत्र. ते रद्द झालं. हे दान. घर आजपासून तिचं."

"आणि मी राहायचं कुठे?"

"मालकिणीला विचार."

मी आत जाऊन विचारलं. सेरवा फुफूची उखळी घासत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "बघते."

आता आम्हाला नातवंडं आहेत. सेरवा अजून बघतेय.