कोंडाबाईचं डबकं आणि खात्याचा पट्टा

एका जंगलात एकदा सुधारणा शिरली, बाळांनो. झाडांना नंबर पडले, बिळांवर पाट्या लागल्या. सगळ्यांची घाण वाहून न्यायला जमिनीतून एक लांबच लांब पाइप गेला आणि पाइप सांभाळायला खातं निघालं. आता घाणीचं खातं म्हटल्यावर घाणीची आवड असलेलेच उमेदवार आले. रेडा मोठा साहेब झाला, सखोबा रानडुक्कर मुकादम झाला, कचेरीत म्हशी बसल्या. झालं, खातं भरलं.

पाइपच्या खालच्या अंगाला एक डबकं होतं. त्यात कोंडाबाई बेडकी राहायची. नवरा चार दिवस डराव डराव करून जो गेला तो गेला. मागे राहिली साठ पिल्लं, अजून नुसती शेपटीवर पोहणारी. पाय फुटल्याशिवाय बेडकाच्या पोराला पाण्याबाहेर पडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आणखी पंधरा दिवस पाणी चांगलं राहिलं असतं, तर पोरं उड्या मारत आपापल्या वाटेला लागली असती.

नेमका तेव्हाच पाइप फुटला.

आधी थेंब थेंब, मग धार. काळं पाणी घरंगळत डबक्याच्या काठाशी आलं. कोंडाबाईनं चिखलाचा बांध घातला, दिवसभर थापला. सकाळी पाहते तर बांध खचलेला आणि चार पिल्लं उताणी तरंगत होती.

ती तडक कचेरीत गेली. गळती आहे म्हणता, तर किती आहे, असं म्हशीनं रवंथ न थांबवता विचारलं.

"माझी चार पोरं गेली, एवढी आहे," कोंडाबाई म्हणाली.

तसा रकाना नाही, म्हैस म्हणाली. पण तक्रार घेतली हो, घेतली नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी सखोबा मुकादम पाहणीला आला. नाक वर केलं, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"वास कुठाय, कोंडाबाई?"

"मुकादम, तुम्ही त्यातच उभे आहात."

"हा होय? हा तर चांगलाय."

तो खोटं बोलत नव्हता बरं का. त्याला खरोखरच चांगला वाटला. खोली बघायची म्हणून त्यात एकदा लोळूनही झालं. मग त्यानं धारेभोवती फक्कीची पांढरी रेघ मारली, काठीला लाल फडकं बांधलं आणि 'काम चालू आहे' अशी पाटी रोवून निघून गेला. धार त्या रेघेवरून वाहत राहिली.

मग कोंडाबाई गेली रेडेसाहेबांकडे. साहेब गळ्यापर्यंत चिखलात बसले होते. बाई, तुम्ही पाण्यातली मंडळी, घरबसल्या पाणी वाढतंय तर रडता कशाला, असं त्यांनी मायेनं विचारलं. त्यांना कळेचना. कोंडाबाईनं पुन्हा पोरांचं सांगितलं. तेव्हा साहेबांनी खरी अडचण सांगितली. खात्यात पाइपला आवळायचा लोखंडी पट्टा एकच होता. सिंहमहाराज जिकडून जाणार, तिकडच्या गळतीला तो लावायचा, असा नियम होता.

"महाराज तुमच्याकडे येणार असले, तर बघू," साहेब म्हणाले.

कोंडाबाई जन्मात खोटं बोलली नव्हती. परतीच्या वाटेवर तिला शेवंता टिटवी भेटली. कोंडाबाई थांबली, घसा खाकरला आणि म्हणाली, "शेवंता, कुणाला सांगू नकोस हं. उद्या महाराज माझ्या डबक्यावर पाणी प्यायला येणारेत."

टिटवीला कुणाला सांगू नकोस म्हटल्यावर काय होतं, ते मी सांगायला नको.

दुपारच्या आत खातं धावत आलं. पट्टा बसला, धार थांबली, काळी माती उचलली गेली. केळीचे खांब लागले. रेडेसाहेबांनी तर आयुष्यातली पहिली अंघोळ केली. ओळखूच येईनात.

दुसऱ्या दिवशी सगळे रांगेत उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी महाराज काही आले नाहीत. सखोबा पाना घेऊन पाइपवर चढला.

"मुकादम, पट्टा काढताय?"

"महाराज आले नाहीत ना."

"मग आता उद्या येतील. यायचे राहिलेत म्हटल्यावर येणारच."

सखोबानं विचार केला. बोलण्यात खोट सापडेना. तो खाली उतरला.

असं रोज चाललं. रोज रांग, रोज फक्की, रोज उद्या. नवव्या दिवशी रेडेसाहेबांना शंका आली. निरोप आणला कुणी, असं त्यांनी विचारलं. कोंडाबाईनं पाण्यात वाकून पाहिलं. पोरांना नुसते मागचे पाय फुटले होते.

"साहेब, महाराजांनाच जाऊन विचारता का?" ती म्हणाली.

साहेब म्हणाले, तशी काही गरज नाही.

सोळाव्या दिवशी पोरं बाहेर पडली. कोंडाबाईनं मोजली. पंचावन्न. एक शेपटीवालं मागे रेंगाळत होतं, त्याला तिनं ढुशी देऊन काठावर चढवलं. छप्पन्न. मग ती सखोबाला म्हणाली, महाराजांचं येणं रद्द झालं, पट्टा न्या तुमचा. खात्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. पट्टा गेला, केळीचे खांब गेले, साहेब चिखलात परत गेले.

आणि सतराव्या दिवशी महाराज आले.

आपण उद्या कोंडाबाईकडे जाणार आहोत, हे तेही पंधरा दिवस ऐकत होते. इतकं ऐकल्यावर न जाणं बरं दिसेना. ते डबक्यापाशी आले आणि काळ्या पाण्यात घोट्यापर्यंत रुतले. कोंडाबाई गवतातून बघत होती.

"हे काय आहे?" महाराजांनी विचारलं.

रेडेसाहेब धापा टाकत आले. "महाराज," ते म्हणाले, "आपण उशिरा आलात."

दुसऱ्या दिवशी खात्यानं नोटीस काढली. ठरल्या दिवशी का आला नाहीत, याचं कारण महाराजांनी तीन दिवसांत लेखी द्यावं.

तात्पर्य : खोटं बोलणं वाईटच, बाळांनो. म्हणून ते पोरांना पाय फुटेपर्यंतच बोलावं.