ग्राहकांची पेटी

व्यापार धोरण ही भावनेने ठरवण्याची गोष्ट नाही. ती मोजून ठरवायची असते, आणि आमच्या कार्यालयात ती फूटपट्टीने मोजतात.

आमच्याकडे भोपळा आहे. (लाल भोपळा. दुधी भोपळ्याचं कार्यालय वरच्या मजल्यावर आहे आणि आमचं त्यांच्याशी पटत नाही.) देशातला भोपळा बाहेर जावा की नाही, बाहेरचा आत यावा की नाही, हे आम्ही दर सोमवारी ठरवतो. त्यासाठी दाराशी तीन पेट्या आहेत. हिरवी शेतकऱ्यांच्या तक्रारींची, निळी कारखानदारांच्या, पिवळी ग्राहकांच्या. प्रत्येक पेटी बरोबर एक फूट खोल. शिपाई वरच्या फटीतून एक फुटाची पट्टी उभी आत सोडतो आणि जेवढी पट्टी बाहेर राहील तेवढी तक्रार, असं मी वहीत लिहितो. पेटी उघडत नाहीत. उघडली तर पत्रं वाचावी लागतील, आणि पत्रं वाचली की माणूस कोणाची तरी बाजू घ्यायला लागतो.

पुढचं सगळं सोपं आहे. हिरवी पेटी उंच भरली तर निर्यात खुली. निळी भरली तर परदेशी भोपळा आत. पिवळी भरली तर निर्यात बंद, कारण ग्राहक ओरडतो आहे म्हणजे भोपळा महागला आहे, आणि महागलेला भोपळा बाहेर पाठवणारे आपण कोण?

या पद्धतीत दोष काढणारे लोक आहेत. त्यांचं म्हणणं, कारखानदार पुठ्ठ्यासारख्या जाड कागदावर लिहितात आणि शेतकरी वहीच्या अर्ध्या पानावर, तेही दोन्ही बाजूंनी, समासातसुद्धा. त्यामुळे एका कारखान्याची उंची भरायला चाळीस शेतकरी लागतात. हे खरं आहे. पण जाड कागद घ्यायला शेतकऱ्यांना कोणी मनाई केलेली नाही.

ग्राहकांची पेटी मात्र नऊ वर्षं रिकामी होती. एक चिठ्ठी नाही. ग्राहक शंभर टक्के समाधानी, असं आम्ही नऊ अहवालांत छापलं आणि दोनदा उत्कृष्ट कार्यालयाची ढाल मिळवली. रिकामी पेटी वाया जाऊ नये म्हणून साहेब तिच्यात आपला जेवणाचा डबा ठेवू लागले. तिला मागून दार आहे, आत गारवा असतो आणि मांजराला ती उघडता येत नाही. डबा चार कप्प्यांचा. साहेब एक वाजता जेवायचे, मोजणी तीनला व्हायची. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग गतिमान कारभाराचं परिपत्रक आलं आणि मोजणी सकाळी अकराला आली.

त्या सोमवारी शिपायाने पिवळ्या पेटीत पट्टी सोडली आणि ती टण्णकन थांबली. नऊ इंच बाहेर. नऊ वर्षं गप्प बसलेला ग्राहक एका आठवड्यात नऊ इंच बोलला होता. मी वहीत लिहिलं. बारा वाजता निर्यात बंद झाली.

आता इथे माझ्या घरचं सांगायला हवं. माझा थोरला भाऊ भोपळे लावतो. मेव्हणा भोपळ्याच्या सूपची पाकिटं बनवणाऱ्या कारखान्यात व्यवस्थापक आहे. बायको ग्राहक आहे. म्हणजे तिन्ही पेट्या माझ्या घरातच आहेत, आणि सणावाराला एकाच पंगतीत बसतात.

दादाने त्या वर्षी सगळ्या रानात भोपळा लावला होता. पलीकडच्या देशातला एक व्यापारी सगळा माल घ्यायला तयार होता. अट एकच, भोपळा सडका नको. शेतापासून सीमेवरच्या नाक्यापर्यंत ट्रकला सहा दिवस लागतात. दादा सोमवारी दुपारी निघाला तर रविवारी पोचतो. रविवारी नाका बंद. सोमवारी उघडतो, पण कागद तपासेपर्यंत बारा वाजतात, आणि अकरा वाजता आमची मोजणी झालेली असते.

एक सोमवार सोडून एक साहेब दौऱ्यावर असतात. (धोरणातील स्थैर्य या विषयावर त्यांची व्याख्यानं असतात.) त्या दिवशी डबा नसतो. पिवळी पेटी शून्य, हिरवी पाच इंच, निर्यात खुली. दादा ट्रक भरून निघतो. पुढच्या सोमवारी साहेब परत, डबा परत, निर्यात बंद. दादा परत.

असं तीनदा झालं. निर्यात आम्ही अर्जांवरून मोजतो, भोपळ्यांवरून नाही, त्यामुळे दादाच्या एका ट्रकचे तीन ट्रक झाले आणि त्या तिमाहीत निर्यात तिप्पट झाली. तिसरी ढाल मिळाली.

लाल भोपळा तीन महिने टिकतो, असं आमच्याच पत्रकात आहे. पत्रक स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातल्या भोपळ्याबद्दल आहे. ट्रकमध्ये खालच्या थरातले दबतात, मग पाणी सुटतं. वहिनीचा फोन आला. "भावजी, खालचे दोन थर गेले. वरचे अजून धड आहेत. तुमच्या ऑफिसात काही सांगता येईल का हो?" वहिनी आजवर माझ्याकडे काही मागायला आलेली नाही.

अडलेला भोपळा बाजारात आला, आणि भाव असे कोसळले की भाजीवाले कोथिंबिरीच्या जागी भोपळा फुकट देऊ लागले. मेव्हण्याला वाटलं, आपली चंगळ. पण ताजा भोपळा फुकट मिळत असताना सूपची पाकिटं कोण घेणार? कारखाना आठवड्यातून तीन दिवसांवर आला. साहेबांच्या घरीही रोज भोपळा. साहेबीणबाईंनी तो संपवायला डब्याला पाचवा कप्पा जोडला. डबा उंच झाला. ग्राहकांची तक्रार नवावरून अकरा इंचांवर गेली. भोपळा स्वस्त होईल तशी महागाईची ओरड वाढते, हा शोध आमच्या कार्यालयाच्या नावावर आहे.

शेवटी मी धीर केला. म्हटलं, "साहेब, ग्राहकांच्या पेटीत तुमचा डबा असतो."

"असतो," साहेब म्हणाले. "मग?"

"पट्टी त्याच्यावर टेकते."

साहेबांनी पट्टी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, "डब्यात काय आहे?"

"भोपळा."

"तो खातं कोण?"

"तुम्ही."

"आणि मी कोण? ग्राहकच ना? मग ग्राहकाच्या पेटीत ग्राहकाचं म्हणणं आहे. चुकलं कुठे?"

मी वही मिटली. पण साहेब माणूस नियमाचा. त्यांनीच अकरावा नियम काढून दाखवला: पेटीत तक्रार असल्यास तिच्यासोबत अन्य वस्तू ठेवू नये. म्हणजे खऱ्या ग्राहकाची एक चिठ्ठी आत पडली की डबा बाहेर. एक चिठ्ठी म्हणजे पट्टीवर शून्य. दादाचा ट्रक पार.

एकच चिठ्ठी हवी होती. बायको लगेच लिहायला बसली, पण बाराव्या नियमाप्रमाणे कर्मचाऱ्यांचे नातेवाईक ग्राहक नसतात. मग मी कागद-पेन घेऊन भाजीवाल्याच्या गाडीपाशी दोन दिवस उभा राहिलो. त्रेसष्ट जणांशी बोललो. पैकी त्रेसष्ट धोरणावर भडकलेले होते. काहींनी इतकं सुंदर सुनावलं की मी ऐकतच राहिलो. म्हटलं, हेच दोन ओळींत लिहून द्या. एकोणीस जण म्हणाले, एकट्याने लिहून काय होणार. तेवीस जणांना उशीर होत होता. वीस जण म्हणाले, आमच्या वतीने तुम्हीच लिहा. एकाने पेन घेतलं, आणि ते घेऊनच गेला.

आज शनिवार आहे. दादा चौथ्यांदा नाक्याच्या वाटेवर आहे. वरचा एक थर धड उरलाय. काल फोनवर म्हणाला, "या वेळी तरी जाऊ देतील का रे?" मी म्हटलं, "जाईल दादा. कोणीतरी लिहील."

हे मी तुमच्याच भरवशावर म्हटलं होतं. तुम्ही इथवर वाचलंत, मधे दोनदा हसलात, साहेबांना मनातल्या मनात चार शब्द ऐकवलेत. आता कोणालातरी म्हणाल, वाच हे, अगदी आपल्याकडच्यासारखं आहे. लिहिणार मात्र नाही. राहू द्या, धावपळ करू नका. सोमवारी अकरा वाजता तुमचं म्हणणं सरकारपर्यंत बरोबर पोचेल. साहेबीणबाईंनी आजच भोपळा चिरून ठेवलाय.