कावळ्यासाठी पास्ता

कोणत्याही हॉटेलात शिरताना लोक एसी आहे का ते विचारतात. आमचे नारायणमामा विचारतात, इथं कावळे येतात का.

मामा नात्यानं नव्हे, सगळ्या कंपनीचेच मामा; नवीन जालन्यात, आमच्या बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहेत. ओल्या कागदात बी गुंडाळायचं, सातव्या दिवशी उलगडून कोंब मोजायचे, यातच उभा जन्म गेला. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एकच म्हणणं: "ट्रायल घेतल्याबिगर बोलायचं न्हाई." नवी चप्पलसुद्धा तीन दिवस एकाच पायात घालून बघतात, दुसऱ्या पायात जुनी.

गेल्या वर्षी मामी वारल्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मामांनी हात जोडून एकेक कबूल केलं: पोरीचं बाळंतपण नीट करीन, तंबाखू सोडीन, गावाकडं वाटूरच्या घराला रंग देईन. कावळे लिंबावर ओळीनं बसले होते, एकही खाली उतरला नाही. ऊन तापलं तसं भावकीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि पंगत बसली. मामा जेवले नाहीत.

"दर्भाचा कावळा म्हंजे बोगस बियानं," ते मला म्हणाले. "हिचं कायतरी राह्यलंय. ते मला धुंडायचंय."

तेव्हापासून दर अमावास्येला ट्रायल. शेंगोळे झाले, बालूशाही झाली, जुन्या जालन्यातली कुल्फी झाली. पान वाढायचं आणि बाजूला सरकायचं. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, बी.एस्सी. झालोय, असलं काही मानत नाही. पण पाहिलं ते पाहिलं. कंपनीच्या गच्चीवर माझ्या हातातली पोळी ओढून नेणारे कावळे मामांच्या पानाभोवती गोल करून बसायचे. ओरडायचे नाहीत, चोचही लावायचे नाहीत. कुल्फी वितळून जायची, ते बघत राहायचे.

मागच्या अमावास्येला मामा म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. त्या इटालियन हॉटेलात चला." स्टेशनच्या रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर, उघड्या गच्चीत ते नवं निघालंय. दवाखान्यात नेताना मामींनी रिक्षातून तो बोर्ड पाहिला होता आणि तिथं काय मिळतं म्हणून विचारलं होतं. मामा म्हणाले होते, गप बस, तुला बोलून दम लागतो. ते त्यांना आत्ता आठवलं.

दिवस मावळल्यावर कावळा शिवत नाही, म्हणून आम्ही चारलाच गेलो. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मेनू मी वाचला. निम्मी नावं मलाही कळली नाहीत, पण तसं दाखवलं नाही. पास्त्यात तिखट किती टाकू, वेटरनं विचारलं. मामा म्हणाले, तिला पथ्य होतं, बेताचंच टाका. वेटरनं माझ्याकडं पाहिलं. मी मेनूत पाहिलं.

पांढऱ्या रश्शातला पास्ता आला. मामांनी ताट समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं सरकवलं आणि त्यातली काळी ऑलिव्हं एकेक वेचून काढली. बी असलं तर तिच्या दाताला लागेल, म्हणाले.

वारा पडला. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येईनासे झाले. कावळा कधी आला ते मला दिसलंच नाही. पाहिलं तेव्हा तो त्या खुर्चीच्या पाठीवर होता. एकटाच. मान तिरकी करून तो मामांकडं बघत होता, पास्त्याकडं नाही. वेटर दारातच थबकला.

मग कावळा टेबलावर उतरला. दोन पावलं टाकून ताटाच्या काठाशी आला आणि चोच खाली केली. जमलं मामा, असं मी म्हणणार, तेवढ्यात मामांनी नॅपकिन उचलून झटकला.

कावळा उडाला आणि कठड्यावर जाऊन बसला. मामा नॅपकिनची घडी घालत राहिले. घडी काही नीट बसेना. शेवटी मीच विचारलं, हे काय केलंत, वर्षभर कशासाठी फिरलो आपण.

"शिवला असता तर ती गेली असती ना, सर," मामा खाली बघत म्हणाले. "मंग मी कोनासंगं जेवायचं?"

त्यांनी ताट स्वतःपुढं ओढलं. कावळा कठड्यावरून हलला नव्हता. मामांनी एक घास चावून चावून खाल्ला आणि त्याच्याकडं बघत हळूच म्हणाले, "मीठ कमी हाय."