तांब्याची कलगी

"देवालासुद्धा ओळखू येणार नाही, लाव पैज!" आरशासमोर टोपी तिरकी करत झाबे राम म्हणाला.

टोपीवर मोनाल पक्ष्याची कलगी डुलत होती. खरी नव्हे बरं का! तांब्याची बारीक तार, तिच्यावर निळा-हिरवा रेशमी दोरा. हिवाळाभर डोळे फोडून गुंफली ती बायकोनं, तिकमूनं. पण ऐट सगळी झाबे रामची. शेवटी राखीव जंगलाच्या समितीचा अध्यक्ष तो!

"आणि ओळखलं तर?" तिकमूनं विचारलं.

झाबे रामनं टोपी पुन्हा सरळ केली. देवाचा सगळा कारभार कारदार ख्याली रामांच्या हातात, आणि त्यांनी भर सभेत ठणकावलं होतं, "देवापुढे खोटं चालायचं नाही!" पुढच्या महिन्यात त्यांच्या नातवाचं लग्न. नवरदेवाच्या टोपीला कलगी तर हवीच! आज जत्रेत देवानं तांब्याची मान्य केली तर बरं, नाहीतर जंगलात पुन्हा फासे लागणार.

झाबे रामनं स्वतःच्या लग्नाला असाच एक मोनाल धरला होता. फाशात अडकलेला तो पक्षी फडफडला नाही, नुसता बघत राहिला. तीस वर्षं झाली, ती नजर काही केल्या पाठ सोडेना.

"अहो, कोट द्या इकडे, खिसा उसवलाय."

"आता टाके कसले घालतेस? पालखी निघाली!" खिशात भाजलेले गहू कोंबून स्वारी पळाली.

जत्रेच्या कुरणाची वाट चढणीची. देवदारांतून धुकं उतरत होतं, ढोल-नगारे कुठून तरी लांबून, झोपेत ऐकावेत तसे वाजत होते. झाबे राम सगळ्यांच्या पुढे. पावलं जमिनीवर आहेत की ढगावर, हेच त्याला कळेना.

"झाब्या," मागून कारदार कुजबुजले, "तुझा व्याही आलाय बघ!"

त्यानं वळून पाहिलं. खराखुरा मोनाल! हिरवं डोकं, तांबूस मान, जांभळे-निळे पंख. धुक्यात दिवा पेटावा तसा. आणि चालला होता थेट याच्याच टाचेमागे!

मेलो! कलगी बघून भांडायला आला! झाबे रामनं पाय उचलले. मोनालनंही उचलले. झाबे राम पळत सुटला, मोनाल मागे! अध्यक्ष पळतोय म्हटल्यावर ढोलकऱ्यांनी ठेका वाढवला, ठेका वाढला म्हणून पालखी धावली, आणि पालखीमागे टोपी सावरत पंचाहत्तरीचे कारदार!

कुरणावर पोचताच झाबे राम धाडकन पालथा पडला. ढोल थांबले. मोनाल आला, अगदी कोटाला खेटून उभा राहिला आणि पुन्हा पुन्हा मान लववू लागला. कलगी हलत होती. झाबे रामला रडूच कोसळलं. "माफ कर रे बाबा," तो पुटपुटला.

पालखी आपसूक त्याच्याकडे झुकली. ज्याच्या अंगात देव येतो तो गूर थरथरत ओरडला, "ज्याची कलगी, त्यानं मान्य केली! आता तुम्ही कोण रे नाही म्हणणारे?"

कारदारांनी मुकाट्यानं आपल्या टोपीवरची खरी कलगी काढून देवाच्या पेटीत ठेवली. मग मागून धापा टाकत पोचलेल्या तिकमूकडे वळून म्हणाले, "सूनबाई, आमच्या पोराला तांब्याचीच कर हो."

घरी आल्यावरही झाबे राम तरंगतच होता. "माफ केलं गं त्यानं मला. तीस वर्षांनी!"

तिकमूनं कोटाच्या खिशात हात घातला. खालून चार बोटं बाहेर आली.

"गहू किती भरले होते?"

"चांगल्या तीन-चार मुठी. का?"

"एक दाणा उरला नाही."

झाबे राम त्या बोटांकडे बघतच राहिला. "म्हणजे... माफ नाही केलं?"

"पोटभर जेवून तरी गेला की तुमच्या हातचं," तिकमू म्हणाली आणि सुई ओवायला लागली.

त्यानं हळूच तिचा हात धरला.

"टाका नको घालूस. पुढच्या वर्षीही जत्रा आहे." मग दाराकडे एकदा बघून, आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "दोन बोटं मोठंच कर ते भोक!"